मोटारगाडीच्या निलंबनातील आवाज

मोटारगाडीची चाके व आस यांवर तिचा सांगाडा ज्या लवचिक रचनेच्या योगे तोललेला असतो, त्या रचनेस निलंबन म्हणतात. दुरुस्तीच्या व्यवसायात मात्र ‘सस्पेन्शन’ हाच शब्द रूढ आहे. स्प्रिंगा, त्यांची आंदोलने शमविणारे आघातशोषक, चाकांना दिशा देणाऱ्या भुजा आणि या सर्वांना जोडणारे सांधे व बुश हे निलंबनाचे मुख्य घटक होत. गाडी चालू असेपर्यंत हे घटक सतत हालत असल्याने ते झिजतात. ही झीज डोळ्यांना दिसण्यापूर्वी बहुधा कानांना कळते. जुन्या गाडीतील कुरकुर, खडखड वा ठोका यांवरून कोणता भाग झिजला आहे हे ओळखणे आणि त्यावर योग्य तो उपाय करणे, हा यांत्रिक निदानाचा एक जुना प्रकार आहे. निलंबनाची रचना जसजशी बदलत गेली, तसतसा आवाजाचा अर्थ आणि त्यावरील उपायही बदलत गेला. एका काळच्या रचनेला हितकर असणारा उपाय दुसऱ्या काळच्या रचनेला अपायकारक ठरतो. म्हणून गाडीतील आवाजाचा विचार तिच्या रचनेच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.

इतिहास : विदर्भात बंडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बैलगाडीला स्प्रिंग नसे. आस सांगाड्याला थेट जखडलेला असून चाकाचा तुंबा त्यावर फिरे. तुंबा व आस यांमधील घर्षणामुळे गाडी करकरू लागली की, तेल व काजळी यांचे दाट मिश्रण, म्हणजे ओंगण, तेथे घालीत. आवाज आला की वंगण घालावे, हा नियम गाडीवानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आला होता व त्या गाडीपुरता तो पूर्णपणे खरा होता.

स्प्रिंगेवरील भार व तिची लांबी यांतील फरक परस्परांच्या प्रमाणात असतात, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि रस्त्यावरील वाहनांत पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगेचा सुटसुटीत उपयोग होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडन येथील ओबडाया एलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पट्टी स्प्रिंगेचे एकस्व घेतले. या स्प्रिंगेत कमी-अधिक लांबीच्या वक्र पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. मराठीत त्यांना पाटे किंवा कमानी म्हणतात. भारतात बग्गी व टांगा यांच्यामार्फत पाटे लोकांच्या परिचयाचे झाले. पाटे वाकताना एकमेकांवर घासतात. त्यामुळे आंदोलने लवकर शमतात, परंतु आवाजही निर्माण होतो. येथेही वंगणाचा जुना नियम लागू पडला.

आरंभीच्या मोटारगाड्यांनी घोडागाडीचे पाटे जसेच्या तसे उचलले. जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील हवेच्या धावेमुळे लहान धक्के चाकातच जिरू लागले. परंतु वेग वाढल्याने मोठ्या धक्क्यांनंतर गाडी बराच वेळ वरखाली झुलत राही. हा दोष घालविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घर्षण-तबकड्यांचे आघातशोषक आले व त्यांची जागा पुढे तेलावर चालणाऱ्या आघातशोषकांनी घेतली. मॉरिस ऑली यांच्या संशोधनाच्या आधारे जनरल मोटर्सने १९३४ मध्ये पुढील दोन चाकांना परस्परांपासून स्वतंत्र केले. त्याच वर्षी सित्रोएनच्या फ्रेंच गाडीत पीळ दांड्याचा, म्हणजे टॉर्शन बारचा, उपयोग झाला. स्वतंत्र निलंबनामुळे गाडी सुखावह झाली. मात्र पूर्वी एका आसावर असलेले काम आता अनेक भुजा व सांधे यांच्यात वाटले गेले. आवाज होऊ शकणाऱ्या जागांची संख्या अर्थातच वाढली.

यानंतरचा महत्त्वाचा बदल रबराच्या बुशाचा होय. पोलादाच्या दोन नळ्यांमध्ये पक्के बसविलेले रबर स्वतः पिळले जाते; त्यात पृष्ठभागांचे परस्परांवर घासणे नसते व म्हणून वंगणाची गरजही नसते. १९५० च्या सुमारास अर्ल मॅक्फर्सन यांनी फोर्ड कंपनीसाठी आघातशोषक व मळसूत्री स्प्रिंग यांचा एकत्र खांब योजला आणि पुढील निलंबनातील सांध्यांची संख्या पुन्हा कमी झाली. बंडीच्या तुंब्यापासून रबराच्या बुशापर्यंतचा हा प्रवास घर्षणाची जागा बदलत नेण्याचा व शेवटी ते शक्य तेवढे टाळण्याचा आहे.

भारतातील स्थिती : स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतातील मोटारगाड्यांचे प्रकार फार थोडे होते. १९५३ नंतर सरकारच्या धोरणामुळे केवळ परदेशी सुटे भाग जुळविणाऱ्या कंपन्यांना काम आवरते घ्यावे लागले. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि महिंद्रा कंपनीची जीप ही वाहने रस्त्यावर प्रामुख्याने दिसत. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रज गाडीवर आधारलेली होती. तिच्या पुढील बाजूस पीळ दांडे व मागील बाजूस पाटे होते. फियाट ११०० व तिचेच १९७४ पासूनचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी यांच्या पुढील बाजूस मळसूत्री स्प्रिंगा व त्रिकोणी भुजा, तर मागे पाटे होते. जीपच्या चारही चाकांवर पाटे होते.

या रचना अनेक दशके फारशा बदलल्या नाहीत. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास, तर अँबॅसडरचे २०१४ मध्ये थांबले. रचनेचे हे साचलेपण ग्राहकाच्या दृष्टीने तोट्याचे होते. परंतु त्यातून एक वेगळीच गोष्ट घडली. ज्या कारागिराने तीस वर्षे त्याच दोन-तीन रचना हाताळल्या, त्याला प्रत्येक आवाजाची जागा तोंडपाठ झाली. हे ज्ञान पुस्तकांत फारसे उतरले नाही. ते उस्तादाकडून हाताखालच्या मुलाकडे कानाने व हाताने गेले.

नागपूर परिसर : या ज्ञानाला नागपुरात विशेष वाव मिळाला. मुंबई–कोलकाता व वाराणसी–कन्याकुमारी हे देशाचे दोन मोठे महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांचे क्रमांक अनुक्रमे ६ व ७ होते. नव्या क्रमवारीनुसार ते बहुतांशी ५३ व ४४ झाले आहेत. राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक नागपूरजवळ हिंगणा येथे आहे. लांबच्या प्रवासाची वाहने येथे थांबत असल्याने दुरुस्तीचा व्यवसाय शहरात स्वाभाविकपणेच वाढला.

भूमी व हवामान यांचाही येथे संबंध येतो. नागपूर हे दख्खनच्या लाव्हा खडकांच्या पूर्व सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडील भागात काळी कापसाची जमीन असून ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरील रस्त्याचा पृष्ठभाग लाटांसारखा होतो व निलंबनाला सतत लांब पल्ल्याची हालचाल करावी लागते. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. उष्णतेने रबर कालांतराने कडक होऊन तडकते आणि कोरडी धूळ पाट्यांमध्ये शिरते. पावसाळ्यात चिखलपाण्याने वंगण धुऊन जाते व गंज चढतो. हिवाळ्यातील थंड पहाटे जुने रबर आणखी ताठर होते. त्यामुळे एकाच गाडीचा आवाज ऋतूनुसार बदलतो. मे महिन्यात ऐकू येणारी कुरकुर जुलैमध्ये आपोआप थांबली, तर दोष गेला असे नसून पाण्याने तात्पुरते वंगणाचे काम केलेले असते.

आवाजांचे स्वरूप : निलंबनातील आवाजांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कुरकुर किंवा करकर यांचा. दोन पृष्ठभाग एकमेकांना क्षणभर चिकटतात, ताण वाढल्यावर सुटतात व पुन्हा चिकटतात; ही क्रिया वेगाने घडली की असा आवाज येतो. कोरडे पाटे, कोरडे सांधे व कडक झालेले रबर ही त्याची सामान्य कारणे होत. दुसरा वर्ग ठोक्याचा. एकमेकांना घट्ट बसलेल्या दोन भागांत झिजेमुळे मोकळी जागा निर्माण झाली की, भाराची दिशा बदलताना एक भाग दुसऱ्यावर आपटतो. झिजलेले किंगपिन, गोलक सांधे, शॅकलचे बुश व सैल झालेले बोल्ट यांतून तो निघतो. तिसरा वर्ग दणक्याचा. स्प्रिंग बसली असेल किंवा आघातशोषक निकामी झाला असेल, तर मोठ्या खड्ड्यात आस वरच्या रबरी अडणीवर आदळतो आणि संपूर्ण गाडीला जाणवणारा बोजड आवाज येतो.

आवाजाची वारंवारता हीदेखील खूण असते. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदास साधारणतः एक ते दीड वेळा झुलतो, तर चाक स्वतः दहा ते पंधरा वेळा उडू शकते. गाडी सावकाश डोलताना येणारा आवाज सांगाड्याच्या हालचालीशी निगडित असतो. खडबडीत रस्त्यावर भराभर येणारी खडखड चाकाच्या उडण्याशी संबंधित असते.

निदानाची पद्धत : निदानाचा आरंभ निलंबनाबाहेरील शक्यता वगळण्यापासून करावा लागतो. मागील पेटीतील सैल जॅक वा पाना, निसटलेला धुराड्याचा नळ, सैल बॅटरी, ब्रेकच्या गुटक्यांमधील खेळ आणि एंजिनाखालची फाटलेली रबरे हे सर्व निलंबनाचा आवाज हुबेहूब काढू शकतात. त्यानंतर आवाज केव्हा येतो याची नोंद घेतली जाते : सरळ जाताना की वळताना, ब्रेक लावताना की सोडताना, एका चाकाला खड्डा लागल्यावर की दोन्ही चाकांना एकदम, रिकाम्या गाडीत की भरलेल्या. केवळ ब्रेक लावताना एकच ठोका येत असेल तर आसाला वा भुजेला पुढेमागे धरणारे बुश, आणि जागेवर सुकाणू फिरविताना आवाज येत असेल तर किंगपिन, सुकाणूचे सांधे अथवा मॅक्फर्सन खांबाच्या डोक्यावरील धारवा संशयास्पद ठरतो.

उभ्या गाडीचा एकेक कोपरा हातांनी दाबून सोडतात. सांगाडा वर येऊन जवळपास लगेच स्थिरावला पाहिजे. तो पुन्हापुन्हा झुलत राहिल्यास आघातशोषक निकामी समजावा. त्याच वेळी दुसऱ्याने स्प्रिंगेवर वा सांध्यावर तळहात ठेवल्यास ठोका नेमका कोठे बसतो ते बोटांना कळते. लाकडी दांड्याचे एक टोक संशयित भागावर व दुसरे कानाजवळ धरून ऐकण्याची पद्धतही परिणामकारक आहे. यानंतर गाडी भक्कम आधारावर उचलून चाक वर व खाली धरून हलवितात, मग दोन्ही बाजूंना धरून हलवितात. पहिल्या हालचालीत खेळ आढळल्यास किंगपिन, गोलक सांधा किंवा चाकाचा धारवा आणि दुसऱ्या हालचालीत आढळल्यास सुकाणूचे सांधे तपासतात. ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला, तर दोष बहुधा धारव्यात असतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते, म्हणून घोडीचा आधार अनिवार्य असतो.

कुरकुरीची जागा सापडत नसल्यास साबणाचे पाणी एका वेळी एकाच सांध्यावर टाकून गाडी हलवितात. ज्या सांध्यावर पाणी टाकताच आवाज थांबतो वा बदलतो, तो सांधा दोषी होय. पाणी लवकर सुकते व रबराला अपाय करीत नाही; येथे त्याचा उपयोग उपायासाठी नसून शोधासाठी असतो.

भागानुसार दोष व दुरुस्ती : पाट्यांची कुरकुर ते सुटे करून, गंज घासून व ग्रीस लावून पुन्हा बांधल्याने थांबते. मात्र पाट्यांतून ठोका येत असेल तर यू बोल्ट, मधला बोल्ट, क्लिपा व शॅकलचे बुश पाहावे लागतात. मधला बोल्ट तुटल्यास आस पाट्यांवरून सरकतो व गाडी तिरकी धावू लागते. बसलेल्या पाट्यांना भट्टीत तापवून पुन्हा कमान देण्याची प्रथा जुनी आहे. स्प्रिंगेचे पोलाद सु. ८५०° ते ९००° से. पर्यंत तापवून तेलात थंड करावे लागते व नंतर सु. ४५०° ते ५००° से. ला पुन्हा तापवून त्याला चिवटपणा आणावा लागतो. ही क्रिया नीट न झाल्यास पाटा मऊ राहून पुन्हा बसतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. तापमान मोजण्याची सोय नसेल तेथे नवे पाटे घालणे श्रेयस्कर असते.

पीळ दांड्यावर बारीक ओरखडा पडला तरी तेथून शीणभंगाची सुरुवात होऊ शकते. म्हणून तो हातोडीने ठोकीत नाहीत. डावा व उजवा दांडा विरुद्ध दिशांना पिळलेले असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही. मळसूत्री स्प्रिंगेचे शेवटचे वेटोळे गंजून तुटल्यास सुकाणू फिरविताना ‘टण्‌’ असा आवाज येतो. आघातशोषकाच्या दोन्ही टोकांची रबरे झिजल्यास लहान खड्ड्यांवर सतत ठकठक येते. त्या वेळी रबरे बदलणे पुरेसे असते. आघातशोषकातून तेल गळत असल्यास मात्र एकाच आसावरील दोन्ही आघातशोषक बदलावेत, अन्यथा दोन बाजूंचे वर्तन भिन्न होते.

पोलादी सांधे व रबरी बुश यांच्यातील भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. अँबॅसडर, फियाट व जीप यांच्या किंगपिन व तत्सम सांध्यांना ग्रीस निपल असते. ठराविक अंतरानंतर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरणे हाच त्यांचा आहार होय. रबराच्या बुशाला निपल नसते, कारण त्याला वंगण नको असते. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. तरीही आवाज आला की खाली जळके तेल फवारण्याची सवय पाट्यांच्या काळापासून चालत आली. त्याने कुरकुर काही दिवस थांबते व बुश लवकर फाटतो. कुरकुरीच्या जागी ठोका येतो. असा बुश बदलताना आणखी एक पथ्य असते. बोल्टाचा शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीवरच द्यावा लागतो. उचललेल्या गाडीत बोल्ट आवळल्यास गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व नवा बुशही अल्पावधीत तुटतो. ‘नवा भाग टिकला नाही’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा भागात नसून बसविण्याच्या पद्धतीत असते.

सुरक्षितता : सर्व आवाज सारख्या महत्त्वाचे नसतात. पाट्यांची कुरकुर त्रासदायक असली तरी सहसा धोकादायक नसते. याउलट गोलक सांधा, किंगपिन वा आटेदार सांधा यांचा मंद ठोका फारसा लक्षात येत नाही. परंतु तो सांधा सुटल्यास चाक आडवे होते व गाडी ताब्यात राहत नाही. मॉरिस मायनरमध्ये पुढील आटेदार सांधा ग्रीसअभावी झिजून चाक निखळण्याचा दोष प्रसिद्ध आहे. झिजलेल्या सांध्यात दाट ग्रीस दाबून भरल्यास ठोका काही काळ ऐकू येत नाही, पण मोकळी जागा तेवढीच राहते. अशा वेळी आवाज थांबणे हे दुरुस्तीचे लक्षण नसून एक इशारा नाहीसा झाल्याचे लक्षण असते. म्हणून आवाजाचा मोठेपणा नव्हे, तर त्याची जागा पाहून दुरुस्तीचा क्रम ठरवावा लागतो.

सद्यःस्थिती : १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढील बाजूस मॅक्फर्सन खांब होते. पुढे, विशेषतः १९९१ नंतर, अनेक परदेशी रचना भारतात आल्या. त्यांतील सांधे बहुधा बंदिस्त असून ग्रीस निपल नसते; झिजलेला सांधा दुरुस्त न करता संपूर्ण भुजेसह बदलण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे काम जलद व बव्हंशी खात्रीचे झाले. मात्र आवाजाची जागा न शोधता एकामागून एक भाग बदलण्याची व त्याचा भुर्दंड मालकाने सोसण्याची शक्यताही वाढली. जुनी वाहने रस्त्यावरून क्रमशः नाहीशी होत आहेत. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारगाडीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत वैध असते व त्यानंतर तपासणीअंती पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. पंधरा वर्षे ओलांडलेली गाडी वापरणाऱ्या कुटुंबांना निलंबनाचे योग्य निदान आजही महत्त्वाचे आहे. गाड्या बदलल्या तरी निदानाची मूळ रीत बदललेली नाही. प्रथम रचना ओळखावी, मग आवाजाची जागा निश्चित करावी आणि वंगण, आवळणे किंवा बदलणे यांपैकी कोणता उपाय त्या रचनेला मानवतो हे सर्वांत शेवटी ठरवावे.